भरतीची कॅसेट

आमच्या आईने माझ्या कॅसेटी तांदळात पुरून ठेवल्या होत्या, आणि तांदळाला ती दर वर्षी बोरिक पावडर चोळायची. कीड लागू नये म्हणून. खाडीच्या हवेने आमच्या घरातलं काही टिकत नसे. रेडिओचे स्पीकर गंजायचे, भिंतीतले खिळे फुगायचे, फोटोंवर बुरशी चढायची. तेव्हा जे जपायचं ते तांदळात, हा आईचा नियम. सोनं तांदळात, रेशनकार्ड तांदळात, आणि मी लग्न होऊन नेरूळला गेल्यावर माझ्या कॅसेटीही तांदळात. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकाही कॅसेटीला बुरशी लागली नव्हती. पण आई गेल्यानंतर पोटमाळ्यावर पडून राहिलेला तो पत्र्याचा डबा मी खाली काढला, पहिली कॅसेट उचलून हलवली, तर आतून भुकटी सरकल्याचा आवाज आला.

मला त्यातली एकच कॅसेट हवी होती. ती चालली तर बाबा घरात राहतील, अशी माझी आशा होती. नाही चालली तर भाऊ त्यांना दिवाळीनंतर खांदेश्वरच्या एका वृद्धाश्रमात ठेवून येणार होता. जागा बघून झाली होती.

भावाला दोष देण्यात अर्थ नाही. घणसोली गावातलं आमचं जुनं कौलारू घर पाडून त्याने चार मजले चढवले, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या, तळमजला बाबांसाठी ठेवला. त्यांचं आंघोळपाणी, जेवणखाण तो आणि भावजयच बघतात. मी रविवारची पाहुणी. बाबांची आठवण विरत चालली तशी बाकीची माणसं, नाती, देवांची नावं सगळं मागे पडलं, एक गोष्ट मात्र पक्की राहिली. सुकती लागली की खाडीत जायचं. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की चिखलात चिंबोऱ्या, निवट्या, शिवल्या मिळतात, आणि बाबांनी आयुष्यभर तेच केलं होतं. शेती गेली, मिठागर गेलं, पुढे ते कंपनीत माळी झाले, तरी सुटीच्या दिवशी पिशवी घेऊन खाडीत.

आता त्यांना दिवसातून केव्हाही सुकती लागल्यासारखं वाटायचं. भावजय कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की हे पिशवी घेऊन बाहेर. त्यांच्या वेळी घरामागून सरळ खाडीत उतरता यायचं. आता मध्ये टॉवर आहेत, सहा पदरी रस्ता आहे. एकदा रिक्षाने धक्का दिला. एकदा पोलिसांनी घरी आणून सोडलं. मग गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ते रस्ता पार करून खारफुटीपर्यंत पोचले आणि कमरेपर्यंत चिखलात रुतले. भरती चढत होती. मोबाईलवर पक्ष्यांचे फोटो काढायला आलेल्या दोघांनी त्यांना ओरडताना ऐकलं म्हणून वाचले. अग्निशमनवाल्यांनी फळ्या टाकून त्यांना ओढून काढलं, तेव्हा बाबा त्यांच्यावरच चिडलेले. पिशवी चिखलात राहिली होती.

त्या दिवसापासून भावाने ग्रिलला कुलूप लावलं. बाबा ग्रिल धरून हलवत राहायचे. वरचे भाडेकरू तक्रार करायला लागले.

"ताई, कुलपाला बी काय अर्थ नाय," भाऊ मला म्हणाला. "सकालपासनं ग्रिल वाजवतंय. शेजारी ईचारतात, बापाला मारता काय. आश्रमान कमीत कमी चोवीस तास मानूस असतंय."

"तिथंही ग्रिलच असेल ना."

"असंल. पन तो मला दिसनार नाय."



मी मोबाईलवर भरती-ओहोटीचं ॲप उतरवून घेतलं होतं. बाबांना दाखवलं. बाबा, हे बघा, आता पाणी भरलंय, संध्याकाळी उतरेल. त्यांनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्यो मुंबईचं पानी सांगतंय. आपल्या खारीचं त्याला काय ठाव?" आणि मग, ग्रिलकडे बघत, "मशीन कुठं हाय? मशीनला ईचार."

कोणतं मशीन, ते भावाला कळलं नाही. तो तेव्हा खूप लहान होता. मला लगेच कळलं.

मी अकरावीत असताना माझे काका बोटीवरून सुटीवर आले, ते एक छोटा रंगीत टीव्ही आणि एक काळा कीबोर्ड घेऊन. तोच कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा. त्याला स्वतःची आठवण अशी नव्हतीच, बंद केला की सगळं गेलं. जे लिहिलं ते साध्या टेपरेकॉर्डरवर, साध्या गाण्याच्या कॅसेटीवर आवाजाच्या रूपाने साठवायचं आणि पुढच्या वेळी तीच कॅसेट वाजवून परत भरायचं. भरताना तो किंचाळायचा. दोन सुरांतली लांब किंकाळी, मग खरखर, खरखर, आणि पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे. गावातल्या बायका दारात येऊन बघायच्या. काकांना वाटलं होतं, पोरं गेम खेळतील. मी पुस्तकातून बेसिक शिकले.

हे मी मुद्दाम सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गावात लोक बाबांना म्हणायचे, पोरीला शिकवून काय होनार, चूलच फुंकनार ना. पण मला बीएस्सीला पहिला वर्ग मिळाला, पुढे कंपनीत सिस्टिम्सची नोकरी लागली, निवृत्त झाले तेव्हा माझ्या हाताखाली मोठी टीम होती. हे सगळं त्या काळ्या कीबोर्डावर सुरू झालं. आणि त्यावर मी लिहिलेला पहिला खरा प्रोग्राम भरती-सुकतीचा होता.

भरतीचा ढोबळ हिशेब आमच्याकडे सगळ्यांना पाठ. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी तो कॉम्प्युटरला शिकवला आणि बाबांना दाखवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चुकतंय." मुंबईच्या दर्यात पाणी चढतं तेव्हा ते आमच्या खाडीत लगेच येत नाही, मागाहून येतं. किती मागाहून, ते महिन्यावर, पावसावर, वाऱ्यावर. बाबा रोज संध्याकाळी मोरीजवळ पाय धुऊन यायचे, टीव्हीसमोर बसायचे आणि सांगायचे, आज मशीनपेक्षा पाणी एवढं मागे होतं. मी आकडा बदलायची. असं सुमारे दोन वर्षं चाललं. शेवटी शेवटी मशीन आणि बाबा जुळायला लागले.

त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी पडदाच रंगवला. पाणी भरलेलं असेल तर सगळा पडदा निळा. सुकती असेल तर पिवळा. चिखलाचा रंग हवा होता मला, पण मशीनकडे तपकिरी नव्हता. बाबा म्हणाले, चालंल. खाडीत जाण्याआधी ते मला हाक मारायचे, "बाय, लाव तुजं रडकं." मशीन रडलं की खरं सांगतं, असं ते म्हणायचे. वाऱ्याकडे बघून त्यांना वेळ कळायचीच, त्यांना मशीनची गरज नव्हती. पण गावात कुणी आलं की मशीनसमोर बसवायचे आणि म्हणायचे, ह्ये आमच्या बायनं केलंय.

तर ते मशीन. कीबोर्ड केव्हाच मेला होता. आतल्या फिती कुजल्या होत्या. पण जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम आता लॅपटॉपवर मिळतात. मशीन मला मिळणार होतं, फक्त कॅसेट वाचायला हवी होती.

मी डबा नेरूळला आणला. जुनं कॅसेट डेक सेकंड-हँड घेतलं. लेबलांवरची शाई उडाली होती, हवी ती कुठली ते कळेना, म्हणून हॉलमध्ये जुनी चादर अंथरून सगळ्याच कॅसेटी एकेक उघडल्या. बोरिक पावडर मऊ असते असं वाटतं, पण दमट हवेत ती टेपच्या कडेला चिकटून खडबडीत झाली होती. डेकमध्ये तशीच घातली असती तर टेपवरचा चॉकलेटी लेप खरवडून निघाला असता आणि तो लेप म्हणजेच माझा प्रोग्राम. मी प्रत्येक कॅसेटीचे स्क्रू काढले, दोन्ही रिळं बाहेर घेतली, मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडल्या, हाताने वेटोळं सोडत सोडत सुती कापडावरून टेप ओढली. टेपला मागून दाबून धरणारा नमद्याचा चिमुकला तुकडा सगळ्यांत गळून पडला होता. चांगल्या स्थितीतल्या आरत्यांच्या कॅसेटी भंगारवाल्याकडून आणल्या, त्यांच्यातली रिळं काढली आणि त्या डब्यांत माझी बसवली.

नवरा पेपर वाचता वाचता म्हणाला, "आरत्या बाहेर आणि तू आत. पाप लागेल."

"लागू दे. त्या सगळीकडे मिळतात."

मग वाजवून बघणं. लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि बघायचं की सूर सरळ आहे का. सुरुवातीला नुसता घोंगावणारा चिखल ऐकू आला. डेकच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवला की हेडचा कोन बदलतो. टेप ज्या रेकॉर्डरवर भरली होती त्याचा कोन आणि ह्याचा कोन जुळला पाहिजे. आमचा रेकॉर्डर थोडा तिरका होता, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. स्क्रू फिरवता फिरवता अचानक घोंगावणं बारीक झालं आणि ती किंकाळी स्वच्छ आली. मी तशीच स्क्रूड्रायव्हर धरून बसून राहिले, तर शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बेल वाजवली. स्मोक अलार्म आहे का, म्हणाल्या.

मी शहाणपणाने प्रत्येक गोष्ट दोनदा साठवायची, एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला. त्यामुळे एका प्रतीत जिथे पावडरीने ओरखडा पाडला होता, तिथे दुसरीतून दुरुस्त करता येत होतं. आवाजाची रेघ पडद्यावर मोठी करायची आणि लाटा मोजायच्या. रुंद लाट म्हणजे एक, अरुंद लाट म्हणजे शून्य. जिथे लाट पुसली होती तिथे दोन्ही बाजूंच्या लाटा बघून तर्क करायचा, मग मशीनला भरायचं, मशीन म्हणणार चूक, मग परत. मला हे काम येतं. अशा कामाची मला घमेंड आहे आणि ती मी लपवत नाही.

एक तुकडा मात्र दोन्ही प्रतींत गेला होता. एकाच जागी टेप दुमडली होती. तिथे पावसाळ्याचे आकडे होते, आषाढापासून भाद्रपदापर्यंत आमच्या खाडीचं पाणी किती मागे येतं ते. बाकी सगळा प्रोग्राम मिळाला. माझे ते बाळबोध शेरेसुद्धा मिळाले, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, 'बाबा म्हणतात वारा वरचा असेल तर थोडं अजून'. पण पावसाळा नाही.

मी रविवारी बाबांना विचारलं. ते ग्रिलजवळच्या खुर्चीवर बसले होते.

"बाबा, आषाढात आपल्या खारीला पानी किती मागं येतं?"

त्यांनी हळूच, जणू मला वाईट वाटेल म्हणून, विचारलं, "आषाढ कोन?"

ते आकडे जगात दोनच ठिकाणी होते. मी तिथे शून्य भरलं आणि प्रोग्राम सुरू केला.

जुना टीव्ही भावाच्या घरात होता, तो लॅपटॉपला जोडला. दिवाळी तोंडावर आली होती, भावजय चकल्या तळत होती. मी भरणं मुद्दाम जुन्याच वेगाने ठेवलं होतं, किंकाळीसकट. पहिला सूर निघाला तसे बाबा खुर्चीवरून वळले. पट्टे धावायला लागले. ते उठून टीव्हीसमोर येऊन जमिनीवर बसले, मांडी घालून. गुडघे दुखतात म्हणून ते वर्षभर खाली बसले नव्हते.

"रडतंय," ते म्हणाले.

"हो."

"मंजे सांगल आता."

मी कॅलेंडर बघून तिथी टाकली. पडदा निळा झाला. बाबांनी मान हलवली. "भरलंय," म्हणाले, आणि पिशवी स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवून आले. भावजय झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तेलाच्या धुराने आलंय असं तिने सांगितलं.

मी लॅपटॉप तिथेच ठेवला, तिला सगळं शिकवलं. काही दिवस खरंच बरे गेले. बाबा उठले की भावजय रडकं लावायची. निळा आला की ते बसायचे. भावाने खांदेश्वरला फोन करून सांगितलं, थोडं थांबतो.

पण पाणी दिवसातून दोनदा उतरतंच. पिवळा आला की बाबा उठायचे आणि आता त्यांच्या उठण्यात शंका नसायची. आधी ते गोंधळलेले असायचे, समजूत घालता यायची. आता मशीनने सांगितलेलं असायचं. ग्रिलला कुलूप बघून ते भावजयीवर हात उगारायला लागले. "मशीन सांगतंय सुकती हाय आन तुमी मला कोंडून ठेवताय." एकदा त्यांनी लोखंडी बत्त्याने कुलूप तोडायचा प्रयत्न केला आणि स्वतःचा अंगठा ठेचून घेतला.

भावाने मला फोन केला. आवाज शांत होता, ते जास्त वाईट.

"ताई, तुझ्या मशीननं आमचा बाप शाना केला. यापेक्षा येडा परवडला."

"मी काय करू सांग."

"कायम भरतीच दाखव ना. निला ठेव. तुला येतंय की."

येत होतं. एका ओळीचं काम. वेळ कितीही येवो, रंग निळाच. अंगठ्याला टाके पडले होते. दुसरा रस्ता खांदेश्वरचा होता. मी तो प्रोग्राम अकरावीत लिहिला तेव्हा बाबा मागे बसून प्रत्येक आकडा तपासत होते, हे मला ओळ बदलताना आठवलं नाही असं नाही. मी ओळ बदलली, चालवून बघितली, निळा आला आणि घरी गेले.

एक आठवडा फोन आला नाही. मला वाटलं, जमलं. पुढच्या रविवारी मी तापाने गेले नाही. त्यानंतर भावजयीचा फोन आला.

"ताई, ते पाय खाली ठेवत नाहीत."

"म्हणजे?"

"कॉटवरून उतरतच नाहीत. पाय वर घेऊन बसलेत. तुमी या."

मी गेले. बाबा कॉटच्या मधोमध उकिडवे बसले होते, धोतर गुडघ्यांवर गोळा केलेलं, जसं चिखलात चालताना करतात. उशाशी त्यांची वहाण, पिशवी, आईचा फोटो आणि दोन ताटं. सगळं कॉटवर. भावजय म्हणाली, चार-पाच दिवस असंच. आधी ते मशीनसमोर बसून राहायचे. निळा. दुपारी परत लावायला लावायचे. निळा. संध्याकाळी निळा. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आज उतरलं कसं नाय पानी. मग बोलणं बंद झालं, आणि एक दिवस ते भिंतीला हात लावून कुठवर ओल आहे ते बघायला लागले. तिला म्हणाले, तांदूल माल्यावर ठेव. पोरांना वर घे.

"बाथरूमला पण नाहीत येत," ती म्हणाली, "पाण्यान कसं जाऊ म्हणतात. सगळं कॉटवरच होतंय, ताई. मी करतेय, मला त्याचं काय नाय. पन ते घाबरलेत हो."

चढलेलं पाणी उतरलं नाही तर ते घरात येतं. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाला हे कळतं. मला कळायला हवं होतं. मी तिथीच्या पाऊणपटीत आणि लाटांच्या रुंदीत एवढी रमले होते की बाबांना खाडीत जाण्यापासून थांबवायचं म्हणून खाडीच त्यांच्या घरात आणली.

मी ओळ परत होती तशी केली. रडकं लावलं. बाबा कॉटवरून बघत होते, ओठ हलत होते. त्या वेळी खरोखर सुकती होती. पडदा पिवळा झाला.

"उतरलं," मी म्हणाले. "बाबा, बघा, उतरलं पानी."

त्यांनी पिवळ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. मी माझा पाय आपटून दाखवला, फरशी कोरडी. भावाने त्यांना दोन्ही काखांत धरून उतरवलं. पाय जमिनीला टेकले आणि दुमडले. परत उभं केलं, परत दुमडले. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके दिवस गुडघे आखडून बसल्यावर स्नायू गेले. व्यायाम सांगितले. फिजिओथेरपीवाली मुलगी दोन महिने आली. बाबा तिला तिच्या तोंडावर म्हणायचे, ही कोन पोर, हिला चिखलान चालता येत नाय आन मला शिकवतंय.

ते परत चालले नाहीत.

भावाने खांदेश्वरला पुन्हा फोन केला होता. ते म्हणाले, आम्ही चालतं-फिरतं माणूस घेतो, अंथरुणाला खिळलेलं घेत नाही. ते सांगताना भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. "आता गरज बी नाय," तो म्हणाला. कुलूप त्याने काढून टाकलं. किल्ली टीव्हीवर पडून आहे.

तर बाबा घरात राहिले. मला जे हवं होतं तेच झालं, हे मी स्वतःला दर रविवारी घणसोली स्टेशनवर उतरताना सांगते, आणि रिक्षात बसेपर्यंत ते सांगणं संपतं. पाठीला जखमा होतात. भावजय आणि मी मिळून त्यांना कुशीवर वळवतो, पावडर लावतो. सुरुवातीला आईची बोरिक पावडरच लावायचो. तिचा अर्धा डबा उरला होता, आणि डॉक्टर नाही म्हणाले तेव्हा बंद केली.

मशीन मी अजून लावते. आता ते खरं तेच सांगतं, पावसाळा सोडून. परवा रविवारी लावलं तर पिवळा आला. बाबा डोळे मिटून पडले होते, पण किंकाळी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "काय सांगतंय?"

"सुकती लागली."

"मंग जा तू." त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. "पिशवी घे."

मी पिशवी घेतली आणि गेले. खरंच गेले, दारामागे उभी राहिले नाही. रस्ता ओलांडला, टॉवरच्या मागून खारफुटीच्या कडेपर्यंत चालत गेले. पाणी उतरत होतं. मुळांवर ओल्या रेघा राहिल्या होत्या आणि चिखल चमकत होता. मोबाईलच्या ॲपप्रमाणे पाणी केव्हाच तळाला जायला हवं होतं, ते अजून उतरत होतं, बाबांनी सांगितलं होतं तेवढंच मागे. सगळीकडे प्लॅस्टिक. निवटी एक दिसली, माझ्या सावलीने बिळात गेली. माझ्या पायात नोकरीच्या काळातले ऑफिसचे बूट होते. मी चिखलात उतरले नाही.

परत आले तेव्हा बाबा जागे होते.

"काय मिललं?"

पिशवी रिकामी होती. आमच्याकडे अष्टमीच्या आसपासच्या मवाळ पाण्याला भांग म्हणतात. त्यात पाणी फारसं उतरत नाही, काही हाताला लागत नाही. मी तीच सबब सांगितली, "काय नाय मिललं, बाबा. भांगाचं पानी होतं."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत असं थेट बघितलं नव्हतं.

"भांगान कोन जातं, येडे," ते म्हणाले. "कालेज शिकलीस ना."

मग त्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली. भावजयीने खांदे धरले, मी पाय धरले.